हेक्टर सह्याद्रीत आला कसा? निसर्गातली आणि नकाशावरची ग्रीक नावं

अडुळसा (धागाकर्ती)

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, हे २०१५ पासून शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्याचं शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. हा पॉलिम्नेस्टर म्हणजे थ्रेसचा राजा, ट्रॉयच्या प्रायमचा जावई. युद्ध पेटल्यावर प्रायमने धाकटा मुलगा पॉलिडोरस आणि सोबत बरंच सोनं या जावयाकडे सांभाळायला पाठवलं. ट्रॉय पडल्याची खबर लागताच जावईबापूंनी मेहुण्याला मारलं आणि सोनं घशात घातलं. पुढे सासूने, म्हणजे हेक्युबा राणीने, त्याचे डोळे फोडले. असले गृहस्थ आपल्या राज्याचं मानचिन्ह होऊन बसलेत. फुलपाखराचा यात काही दोष नाही.

हे नाव ग्रीकांनी दिलेलं नाही, १७७५ साली पीटर क्रॅमर नावाच्या डच संग्राहकाने दिलं. धागा काढायचं कारण हेच. ‘ग्रीक नावं आजही जिवंत आहेत’ असं म्हणताना दोन अगदी वेगळ्या गोष्टींची भेळ होते. काही नावं ग्रीकांच्या तोंडून निघून लॅटिन, अरबी, फारसी अशी हातोहात आपल्यापर्यंत आली. नार्सिसस, आशिया, इंडस ही तशी. बाकीची, आणि संख्येने तीच फार जास्त, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन पंडितांनी पुस्तकातून उचलून डकवलेली आहेत. पहिलीला वारसा म्हणू, दुसरीला चिकटपट्टी.

चिकटपट्टीचा मूळपुरुष कार्ल लिनियस, सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ. ‘सिस्टेमा नॅच्युरे’ या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने जगातली सगळी फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये; तिच्यातली एकेक ती ‘जात’) कोंबली आणि मग त्यांचे गट पाडले. मोठ्या, रुबाबदार फुलपाखरांचा गट ‘एक्विटेस’, म्हणजे घोडेस्वार सरदार. त्यांचे पुन्हा दोन पक्ष: छातीवर रक्तासारखे लाल डाग असतील तर ट्रोजन, नसतील तर अखियन, म्हणजे ग्रीक सैन्य. डाग बघायचा, पक्ष ठरवायचा, त्या पक्षातल्या एखाद्या वीराचं नाव द्यायचं. हजारो जाती लक्षात ठेवायला त्याने केलेली ही सोय होती. त्याच्या वाचकांना होमर आणि व्हर्जिल तोंडपाठ असत, त्यामुळे ती चालून गेली.

क्रिमझन रोझ पाहा: पंख काळे, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्यांवर किरमिजी ठिपके, आणि डोकं-धड लालभडक. लिनियसच्या नियमाने हा ट्रोजन पक्षाचा, म्हणून हेक्टर, प्रायमचा मुलगा आणि ट्रॉयचा मुख्य वीर. आज त्याचं नाव पॅक्लिऑप्टा हेक्टर. लिनियस हिंदुस्थानात कधी आला नाही. जहाजांतून युरोपात पोचलेले, राजेरजवाड्यांच्या संग्रहातले वाळके नमुने बघून त्याने ही नावं दिली.

आता कॉमन मॉर्मन, पॅपिलिओ पॉलिटेस. पॉलिटेस हा प्रायमचा आणखी एक मुलगा, हेक्टरचा भाऊ. या जातीची मादी तीन रूपांत सापडते. एक नरासारखी, एक कॉमन रोझची नक्कल करणारी, आणि एक क्रिमझन रोझची, म्हणजे हेक्टरची, नक्कल करणारी. क्रिमझन रोझ पक्ष्यांना बेचव आणि विषारी लागतं, पॉलिटेस खाण्यालायक असतो, म्हणून हा वेशांतराचा खटाटोप. (डबलसेक्स नावाचं एकच जनुक ही सगळी रूपं फिरवतं, हे २०१४ मध्ये सिद्ध झालं.) भावाच्या चिलखतात लपणारा भाऊ! लिनियसला ही नक्कल माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, फुलपाखरांमधली नक्कल ही कल्पनाच शंभर वर्षांनंतरची.

झाडं, खडक, नद्या, गावं यांत मुरलेल्या मंडळींनी भर घालावी. एकच विनंती: नाव कोणी आणि कधी दिलं तेही लिहा, नुसती पुराणकथा नको.

सुरवंट

ब्लू मॉर्मनच्या अळीचं खाणं राहिलं. लिंबू, पपनस वगैरे ती खातेच, पण जंगलात तिचं महत्त्वाचं झाड माकडलिंबू. त्याची प्रजाती अ‍ॅटलांशिया, म्हणजे अ‍ॅटलांटा. शर्यतीत हरवेल त्याच्याशीच लग्न करीन असा पण लावणारी शिकारी मुलगी. वाटेत टाकलेली सोन्याची सफरचंदं वेचायला थांबली आणि हरली. लिंबाच्या कुळातल्या झाडाला तिचं नाव का, तर युरोपात या सोनेरी फळांचा अर्थ पुढे संत्री-लिंबं असा लावला गेला. संत्र्याच्या जातीच्या फळाला वनस्पतिशास्त्रात आजही ‘हेस्पेरिडियम’ म्हणतात, सोनेरी फळांच्या बागेची राखण करणाऱ्या हेस्पेरिडींवरून. म्हणजे नागपुरी संत्रंही तांत्रिकदृष्ट्या ग्रीकच.

क्रिमझन रोझचं झाड ईश्वरी, शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका. अळी या वेलीतली विषं अंगात साठवते, लाल रंग ही त्याचीच जाहिरात. हे प्रजातीनाम मात्र खऱ्या वारशातलं आहे, लिनियसच्या आधी दीड-दोन हजार वर्षं ग्रीक वैद्य तेच वापरत होते. ‘अ‍ॅरिस्टोस’ म्हणजे उत्तम, ‘लोकिया’ म्हणजे बाळंतपण, म्हणून बाळंतपणाला उत्तम. हे वाचून कोणी काढे उकळत बसू नये. या प्रजातीतल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं कायमची निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो, हे पक्कं सिद्ध आहे. इजा हळूहळू होते, लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे जुन्या वैद्यांच्या लक्षात आलं नसणार.

बागेत फुलपाखरांसाठी वेल लावायचा असेल तर देशी ईश्वरीच लावा. नर्सरीत त्याच प्रजातीतली दक्षिण अमेरिकी शोभेची वेल मिळते, मोठ्या ठिपकेदार फुलांची. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगच्या माद्या तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात. वासाने मादी फसते, पानातलं रसायन मात्र वेगळं असतं. आपल्याकडे हा धोका पत्करायचं कारण नाही.

चौकस

मस्त धागा. दोन शंका. रेड हेलन म्हणजे ट्रॉयची हेलनच ना? आणि एखादं नाव वारसा की चिकटपट्टी, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

अडुळसा

रेड हेलन ही हेलन नव्हे. शास्त्रीय नाव पॅपिलिओ हेलेनस. हेलेनस हा प्रायमचा भविष्य सांगणारा मुलगा. इंग्रजी बोलीनावात त्याची बाई झाली. खरी हेलन आहे ट्रॉइडिस हेलेना, ईशान्येकडे दिसणारं पिवळं-काळं बर्डविंग. आपल्या सह्याद्रीतलं बर्डविंग पूर्वी तिचीच उपजात मानत, आता ती स्वतंत्र जात आहे: ट्रॉइडिस मायनॉस, क्रीटचा राजा. मेल्यावर हा पाताळात न्यायाधीश झाला. पाताळाचे न्यायाधीश एकूण तीन, मायनॉस, एअ‍ॅकस आणि ऱ्हॅडमँथस, आणि तिघेही याच प्रजातीत आहेत. मायनॉस सह्याद्रीत, एअ‍ॅकस हिमालयात, ऱ्हॅडमँथस फिलिपिन्समध्ये. सर्वांत आधीचं नाव मायनॉस, १७७९ चं, सर्वांत शेवटचं एअ‍ॅकस, १८६० चं. वेगवेगळ्या माणसांनी ऐंशी वर्षांत हे खंडपीठ पूर्ण केलं.

ओळखायची रीत अशी. नावाला चिकटलेलं कर्त्याचं नाव आणि साल आधी बघायचं. प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात १७५८ पासून, वनस्पतींची १७५३ पासून. साल तेच असेल तर नाव लिनियसने घडवलं की जुनंच उचललं हे तपासावं लागतं. साल नंतरचं असेल आणि नाव एखाद्या पौराणिक व्यक्तीचं असेल, तर बहुतेक वेळा चिकटपट्टी.

मग कंस बघायचा. ‘पॅपिलिओ पॉलिटेस लिनियस, १७५८’ यात कंस नाही, म्हणजे जात पहिल्यापासून त्याच प्रजातीत आहे. ‘पॅक्लिऑप्टा हेक्टर (लिनियस, १७५८)’ यात कंस आहे, म्हणजे प्रजाती पुढे बदलली. हेक्टर लिनियसचा, पॅक्लिऑप्टा दुसऱ्या कोणाचं तरी. हा कंस गाळून लिहिणं ही मराठी लेखांतली सगळ्यात नेहमीची चूक. वनस्पतींत पद्धत वेगळी: कंसात जुना कर्ता, बाहेर नवा कर्ता, आणि साल सहसा लिहीत नाहीत. रुईचं ‘कॅलोट्रॉपिस जायगँटिया (एल.) डब्ल्यू. टी. एटन’ असं दिसतं, त्यातला ‘एल.’ म्हणजे लिनियस.

दोन शब्द सारखेच असले तर प्राणी समजायचा. एरंडीवर अळ्या वाढणाऱ्या अँगल्ड कॅस्टरचं नाव अ‍ॅरिअ‍ॅडनी अ‍ॅरिअ‍ॅडनी. वनस्पतींच्या नियमांत अशी द्विरुक्ती चालत नाही.

वनस्पतीसाठी क्यू उद्यानाचं ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ आणि भारतीय फुलपाखरांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ ही दोन संकेतस्थळं उघडली की कर्ता, साल आणि जुनी नावं मिळतात. मराठी-इंग्रजी बोलीनावावरून शोधाल तर घोळ होणारच. जलपर्णीला इंग्रजीत वॉटर हायसिंथ म्हणतात म्हणून अपोलोच्या थाळीने मेलेला हायसिंथस उजनीच्या पाण्यात शोधू नका. ती दक्षिण अमेरिकेची, शास्त्रीय नाव आता पाँटेडेरिया, आधीचं आयकॉर्निया हे एका प्रशियन मंत्र्यावरून. ग्रीक आहे ते फक्त इंग्रजी टोपणनावात.

खडकवासी

खडकांकडे वळतो. या विषयात सर्वांत जास्त चुकणारं नाव ‘टेथिस’. हिमालयाच्या जागी जो समुद्र होता त्याला ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने १८९३ मध्ये हे नाव दिलं. टेथिस ही ओशनसची, म्हणजे पृथ्वीला वेढणाऱ्या महानदीची, बहीण आणि बायको. थेटिस वेगळी. ती समुद्रकन्या, अकिलीसची आई. ‘अकिलीसच्या आईच्या नावाचा समुद्र’ असं वाक्य मी छापील पुस्तकातही वाचलं आहे. ‘थ’ मध्ये आला तर समुद्र, सुरुवातीला आला तर आई, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

झ्यूसचा एक मजेदार हिशोब असा की समुद्राला त्याने ग्रीक देवता दिली आणि दक्षिणेकडच्या महाखंडाला आपल्या गोंडांचं नाव. गोंडवाना हे नाव हिंदुस्थानातल्या भूवैज्ञानिकांनी मध्य भारतातल्या खडकांना आधीच दिलेलं होतं, झ्यूसने ते अख्ख्या महाखंडावर पसरवलं. पुढे १९७२ मध्ये अटलांटिकच्याही आधी तिथेच असलेल्या एका महासागराला ‘आयपेटस’ नाव मिळालं. आयपेटस हा अ‍ॅटलासचा बाप, आणि अटलांटिक हे नाव अ‍ॅटलासवरून, म्हणून आधीचा महासागर बाप. चिकटपट्टी असली तरी डोकं लावून मारलेली आहे.

टेथिसचा तुकडा पुष्कळ मराठी घरांत देव्हाऱ्यात असतो. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे टेथिसच्या तळाच्या काळ्या चिखलात गाडला गेलेला अ‍ॅमोनाइट. गाठ फुटली की आत फासळ्यांसारख्या कंगोऱ्यांचं चक्र दिसतं. अ‍ॅमोनाइट हे नाव अ‍ॅमॉन देवाच्या मेंढ्याच्या शिंगांवरून. देव मूळचा इजिप्तचा, ग्रीकांनी त्याला झ्यूसशी (देव झ्यूस, भूवैज्ञानिक नव्हे!) एकरूप केलं. हे वारशाकडे झुकणारं, कारण ‘अ‍ॅमॉनचं शिंग’ हा शब्द रोमन काळापासून आहे. विकत घेताना चक्र भिंगाखाली पाहावं. खऱ्यात कंगोरे बाहेरच्या वेढ्याकडे मोठे, आतल्या वेढ्यांत बारीक होत जातात, कारण प्राणी वाढत गेला तसं कवच वाढत गेलं. कोरून काढलेल्यात ते बहुधा सगळे सारख्याच अंतरावर असतात.

आणि दख्खनच्या काळ्या दगडातले पांढरे स्फटिक? झिओलाइट. ‘झेइन’ म्हणजे उकळणं, ‘लिथोस’ म्हणजे दगड. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटने फुंकनळीच्या ज्योतीत खनिज धरलं तर ते फुगून बुडबुडे सोडू लागलं. स्फटिकाच्या जाळीतल्या पोकळ्यांत पाणी असतं, ते उष्णतेने बाहेर पडतं. स्कोलेसाइट तापवलं की किड्यासारखं वळतं, म्हणून ‘स्कोलेक्स’, म्हणजे किडा. अ‍ॅपोफिलाइट तापलं की त्याचे पापुद्रे सुटतात, नावही तेच सांगतं. ते झिओलाइटांसोबत सापडतं, पण काटेकोर बोलायचं तर झिओलाइट नव्हे. यावरून दोन व्यवहाराच्या गोष्टी: असे नमुने तापणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका, आणि धुवायला मीठाचं आम्ल वापरू नका. स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट त्यात विरघळून त्यांची जेली होते. साधं पाणी आणि मऊ ब्रश बस. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट कोणी ग्रीक म्हणून खपवेल, तर कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांची ती जुळणी आहे.

अडुळसा

@खडकवासी, झिओलाइटला मग तिसरा कप्पा करावा लागेल. ही कोणाची नावं नाहीत, ग्रीक शब्दांचे सांधलेले डबे आहेत. झाडांत असे ढिगाने सापडतील. कारवी: स्ट्रोबिलँथिस, शंकूसारखा फुलोरा. कासवरची नभाळी: सायनोटिस, निळा कान. कंदीलपुष्प: सेरोपेजिया, मेणाचं कारंजं. लिनियसला ती फुलं मेणबत्त्यांच्या झुंबरासारखी दिसली.

नकाशेवाला

गावांच्या बाबतीत वारसा ओळखायची खूण म्हणजे झीज. तोंडातोंडी फिरलेलं नाव झिजतं, पुस्तकातून आणलेलं गुळगुळीत राहतं.

‘नेआपोलिस’, म्हणजे नवं शहर, घ्या. इटलीत त्याचं नापोली झालं. पॅलेस्टाइनमध्ये त्याचं नाब्लुस झालं, कारण अरबीत ‘प’ नाही. फ्रान्समधलं मार्सेय म्हणजे ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमाराचं मासालिया, नीस म्हणजे निकाइया, तुर्कस्तानातलं इझनिक हीसुद्धा निकाइयाच. इझमिर म्हणजे स्मिर्ना. ही सगळी झिजलेली, म्हणून खरी.

आता काळ्या समुद्राचा उत्तर किनारा. सेव्हास्तोपोल, सिम्फेरोपोल, खेरसोन, ओडेसा. कशी ठसठशीत ग्रीक! सगळी रशियाच्या कॅथरीन राणीच्या काळातली. तुर्कांकडून मुलूख घेतल्यावर तो मूळचा ग्रीकांचा होता असं दाखवायची ही राजकीय मोहीम होती, आणि घाईत पत्ते चुकले. खेरसोनला १७७८ मध्ये प्राचीन खेरसोनेसॉसचं नाव दिलं, पण खरं खेरसोनेसॉस तिथून लांब क्रिमियात, सेव्हास्तोपोलच्या हद्दीत आहे. ओडेसाला १७९५ मध्ये ओडेसॉसचं नाव मिळालं. ते प्राचीन शहर होतं बल्गेरियातल्या वार्नाच्या जागी, समुद्राच्या दुसऱ्या कडेला. त्यामुळे ‘पोल’ दिसला की प्राचीन, असं धरून चालू नका. एरिट्रियाही तसंच, ग्रीकांच्या ‘एरिथ्रा’ समुद्रावरून इटालियनांनी १८९० मध्ये दिलेलं. अ‍ॅमेझॉन १५४२ च्या ओरेयानाच्या सफरीनंतरचं, लढणाऱ्या बायका पाहिल्याच्या हकिकतीवरून.

नदीच्या नावाचा शब्द कसा होतो याचं उत्तम उदाहरण मिआंडर. तुर्कस्तानात एजियनला मिळणारी मायांड्रोस नदी इतकी वळणं घेते की ग्रीकांनीच कुठल्याही वळणदार गोष्टीला तिचं नाव दिलं. नदी आजही आहे, बुयुक मेंदेरेस, रीतसर झिजलेली. भूगोलात नागमोडी वळणाला मिआंडर म्हणतात. पण प्रत्येक वाकडी नदी मिआंडर नसते, त्याला माप आहे. उपग्रह चित्रावर पात्राच्या मध्यरेषेने लांबी मोजा. मग त्याच दोन टोकांमधली दरीची लांबी मोजा. पहिलीला दुसरीने भागा. उत्तर १.५ च्या वर आलं तर मिआंडर. चूक होते ती दरीच्या लांबीऐवजी सरळ रेषा धरल्याने. दरीच वळलेली असेल तर गुणोत्तर फुगतं आणि डोंगराने वळवलेली नदी उगाच मिआंडर ठरते. तुकडाही पुरेसा लांब हवा, निदान दोन-तीन पूर्ण वळणांचा. दुसरा पडताळा: एका वळणापासून पुढच्या तशाच वळणापर्यंतचं अंतर साधारण पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट भरतं.

अवांतर: पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा. ग्रीकांनी वळणाला नदीचं नाव दिलं, आपण नदीला वळणाचं.

चौकस

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फिरतंय की आपलं कल्याण हे ‘कॅलिएना’ या ग्रीक शब्दावरून आलं, ‘कॅलॉस’ म्हणजे सुंदर. हे वारसा की चिकटपट्टी?

रेवदंडा

दोन्ही नाही, ही उलटी गंगा. चौथा कप्पा करा.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस’ ही बंदरांची माहितीपुस्तिका आहे. त्यात सोप्पारा, कॅलिएना, सेमिल्ला, पैथाना, तगरा ही नावं येतात. सोपारा, कल्याण, चौल, पैठण, तेर. ग्रीकांनी ही नावं ठेवली नाहीत, ऐकली आणि आपल्या लिपीत उतरवली. कल्याणचा उल्लेख कान्हेरीच्या लेण्यांतल्या प्राकृत दानलेखांत स्वतंत्रपणे आहे. तिथले दानकर्ते ग्रीक कोशातून आपल्या गावाचं नाव काढत नव्हते. ‘कल्याण’ आणि ‘कॅलॉस’ फार मागे एकाच मुळाचे असावेत असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात, पण ते चुलतनातं झालं, जन्मदाखला नव्हे.

या पुस्तिकेचा खरा उपयोग नावांच्या उगमासाठी नाहीच, अंतरांसाठी आहे. बारिगाझा म्हणजे भडोच. तिथून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैथाना, पैथानापासून पूर्वेला १० दिवसांवर तगरा. तगरा म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर पूर्वी बरेच वाद झाले. नुसत्या नावसाधर्म्यावर शोधलं की देवगिरीपासून जुन्नरपर्यंत काहीही तगरा ठरवता येतं. पैठण पक्कं धरून दिशा आणि पल्ला लावला की धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येऊन पोचतो, आणि तिथे रोमन काळातल्या व्यापाराच्या वस्तू भरपूर निघाल्या आहेत. दिशा मात्र ढोबळ घ्यायच्या. भडोचहून पैठण दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे.

पुस्तिकेत आणखी एक बारकावा आहे. थोरल्या सारगनीसच्या काळात कल्याण रीतसर व्यापारी बंदर होतं, पुढे सांडनीसच्या हाती गेल्यावर तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. सारगनीस हा सातवाहन राजा सातकर्णी असणार. राजांची नावंही कानावर पडली तशीच उतरवलेली.

पंजाबच्या नद्यांचंही हेच. वितस्तेचं (झेलमचं) हायडॅस्पीस, असिक्नीचं (चिनाबचं) अकेसिनीस. ती ग्रीक रूपं तिथे टिकली नाहीत. टिकलं एकच, इंडस. फारसी ‘हिंदु’ आयोनियन ग्रीकांनी ऐकलं, त्यांच्या बोलीत ‘ह’ नव्हता म्हणून तो गळला, आणि त्यातून इंडिया.

तळटीप

उच्चाराबद्दल थोडं. इंग्रजीवरून देवनागरीत आणताना आपण विनाकारण तोटा करून घेतो. प्राचीन ग्रीकमध्ये थ, फ, ख हे आपल्यासारखेच महाप्राण होते. लॅटिन लिपीत ते दोन अक्षरांनी लिहावे लागले आणि इंग्रजीत बिघडले. आपल्याकडे थेट अक्षर आहे. अकिलीसचं मूळ अखिलेउस. टेथिस-थेटिसचा गोंधळही इंग्रजीत होतो तेवढा देवनागरीत व्हायचं कारण नाही. शास्त्रीय नाव लिहिताना मात्र लॅटिन रूपच धरावं, ‘हेक्टोर’ वगैरे करू नये, कारण ते आता जातीचं नाव आहे, माणसाचं नव्हे. त्याच कारणाने प्रजाती बदलून स्त्रीलिंगी झाली तरी ‘हेक्टर’चं रूप बदलत नाही. नामाला लिंग लावायचं नसतं, बदल होतो तो विशेषणात.

सुरवंट

कोणी डॅनॉसचा विषय काढला नाही म्हणून मीच काढतो. रुईवर अळ्या वाढणारं प्लेन टायगर म्हणजे डॅनॉस क्रिसिपस. डॅनॉसला ५० मुली, त्याचा भाऊ इजिप्टसला ५० मुलगे. चुलत भावंडांची लग्नं लागली आणि बापाच्या सांगण्यावरून ४९ मुलींनी पहिल्याच रात्री नवऱ्यांना मारलं. क्रिसिपस हा त्या नवऱ्यांपैकी एक. म्हणजे प्रजाती खुनी सासऱ्याची आणि जात मेलेल्या जावयाची, दोघं कायमचे एका ओळीत. नवऱ्याला वाचवणारी एकमेव मुलगी हायपरम्नेस्ट्रा, तिचं नाव कॉमन पामफ्लायला आहे. सह्याद्रीतलं पामफ्लाय मात्र आता वेगळी जात धरतात, तेव्हा इथल्या फोटोखाली तिचं नाव घालू नका.

पतंगांत डेथ्स हेड हॉकमॉथ. प्रजाती अ‍ॅकेराँटिया, पाताळातल्या नदीवरून. आपल्याकडच्या दोन जाती लॅकेसिस आणि स्टिक्स. युरोप-आफ्रिकेतली अ‍ॅट्रोपॉस. लॅकेसिस आयुष्याचा धागा मोजणारी, अ‍ॅट्रोपॉस तो कापणारी. पाठीवरच्या कवटीसारख्या खुणेमुळे ही नावं. प्रत्यक्षात हा पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरण्यापलीकडे काही करत नाही.

त्याच अ‍ॅट्रोपॉसचं नाव बेलाडोनाच्या प्रजातीला, अ‍ॅट्रोपा, आणि तिच्यावरून अ‍ॅट्रोपीन. फवारणीतल्या ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा झाली की ग्रामीण रुग्णालयात पहिलं इंजेक्शन हेच देतात. विषामुळे छातीत पाण्यासारखा स्राव भरतो, तो अ‍ॅट्रोपीन सुकवतं. छाती मोकळी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबणं चूक, फुप्फुसं ऐकावी लागतात. धागा कापणारीच्या नावाचं औषध धागा जोडून देतं.

चौकस

शेवटची शंका. माझ्या जुन्या यादीत महाबळेश्वरच्या कॉमन ब्लूबॉटलखाली ‘ग्राफियम सार्पेडॉन’ आहे. नव्या यादीत तो सापडत नाही. गेला कुठे?

अडुळसा

दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली ही फुलपाखरं आता बहुतेक याद्यांत ग्राफियम टेरेडॉन म्हणून वेगळी धरतात, इंग्रजी नाव नॅरो-बँडेड ब्लूबॉटल. पंखावरचा निळा-हिरवा पट्टा अरुंद असतो. सार्पेडॉन हिमालयाकडे आणि पुढे पूर्वेला राहिला. जुनी नोंद खोडू नका. तिच्यासमोर ‘सार्पेडॉन या नावाने नोंदवलेलं’ असं लिहून स्थळ आणि तारीख तशीच ठेवा, नवं नाव शेजारच्या रकान्यात घाला. म्हणजे उद्या पुन्हा नाव फिरलं तरी नोंद वाया जायची नाही.